एल्कच्या रानात जाणाऱ्या भाचीला

पुणे, फाल्गुन

चि. चिऊ,


ऑक्टोबरात एल्कच्या शिकारीला जायचं तू ठरवलं आहेस, आणि परवान्याच्या सोडतीसाठी अर्ज करायची मुदत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपते. म्हणून हे पत्र लगोलग लिहायला घेतलं. तुझी आई अजून सावरलेली नाही. 'आपल्या घरात हे वेड कुणाचं?' असं ती मला विचारते, आणि कुणाचं ते तिलाही पक्कं ठाऊक आहे. तू निघण्याआधी विचारलंस, याचं मला फार बरं वाटलं. पत्र उघडं लिहितोय त्यालाही कारण आहे. तुझ्यासारखी पुण्याहून गेलेली मुलं डेन्व्हरला, मिनेसोटात, टेक्ससात राहतात. थंडीच्या तोंडावर ऑफिसातले मित्र रानात निघाले की त्यांच्याबरोबर जावंसं वाटतं. घरी विचारलं तर 'नको' एवढंच उत्तर येतं, मग ती न विचारताच जातात.

मी स्वतः जनावरावर कधी बार टाकलेला नाही. पण लहानपणी आपल्या घरातल्या शिकारी आप्पांच्या मागे मागे पुष्कळ हिंडलो, आणि पुढे बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखात्याच्या गणनेसाठी पाणवठ्यांवरच्या मचाणांवर बसत आलो. त्यामुळे बंदुकीबद्दल मी थोडंच सांगेन. तो भाग तुझे तिकडचे सोबती माझ्यापेक्षा चांगला शिकवतील.

रायफल कुठली, दुर्बीण कुठली, बूट कुठले, असे तुझे प्रश्न आहेत. ते सगळे नंतरचे. आखणी शेवटाकडून कर. एवढं मांस कुठे ठेवणार आणि कोण खाणार, हे आधी ठरव. मग ते डोंगरावरून खाली कसं आणणार ते. मग जनावर जखमी होऊन पळालं तर काय करणार ते. बार कुठून टाकायचा हा प्रश्न त्यानंतरचा, आणि कशाने टाकायचा हा सगळ्यात शेवटचा. आप्पांची रीत अशीच होती. ज्या गावाच्या शिवारात जायचं तिथे ते आदल्या दिवशी चावडीवर बसत आणि वाटे कुणाकुणाला जाणार ते ठरवून घेत. हाक्याला येणाऱ्या प्रत्येकाचा वाटा ठरलेला, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरचा ठरलेला. ते ठरल्याशिवाय बंदूक गवसणीतून बाहेर येत नसे.

एल्क म्हणजे किती मोठं जनावर, हे तू रस्त्याकडेला पाहिलंही असशील, पण मारायचं म्हणून त्याच्याकडे कधी पाहिलं नसशील. आपल्या सांबरापेक्षा ते थोराड, काश्मीरच्या हंगुलच्या जवळच्या नात्यातलं. पुरी वाढलेली मादी सव्वादोनशे किलोची, नर सव्वातीनशेच्या घरात. मादीचं हाडं काढलेलं मांससुद्धा सत्तर किलोच्या आसपास भरतं. भाड्याच्या फ्लॅटमधल्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ते मावणार नाही. खोल फ्रीजर लागेल, किंवा मांस वाटून घेणारी चार घरं लागतील. ती घरं आत्ताच ठरव. तुमच्या कोलोरॅडोत खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे. चारही पाय, पाठीचे दोन्ही पट्टे आणि आतले मऊ तुकडे उचलून आणावेच लागतात. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

आता ते खाली आणण्याचं. तुझं डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १,६०९ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे तू राहतेस तेच जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर, आणि एल्क ऑक्टोबरात असतात ते बहुधा अडीच हजार मीटरच्या वर, कधी तीन हजारांच्याही पुढे. तिथे गाडीरस्त्यापासून तीन-चार किलोमीटर आत जनावर पडलं, तर वीस-पंचवीस किलोचं ओझं पाठीवर घेऊन तीन-चार खेपा कराव्या लागतात, बर्फात, बहुतेक अंधारात. शिकारीचा सगळ्यात कष्टाचा भाग हाच, आणि नवखी माणसं त्याचा विचारच करत नाहीत. म्हणून एक हिशोब निघण्याआधी मांड: माझ्या पाठीला आणि सोबत्यांच्या पाठीला जिथून मांस एका दिवसात बाहेर आणता येईल, तिथवरच मी जाईन. दरीच्या पलीकडच्या उतारावर जनावर कितीही चांगलं उभं असलं, तरी ते आपलं नव्हे.

घाई मांस गार करण्याची असते. एल्कचं कातडं जाड, थंडीची लव चढलेली. जनावर पडलं की आतली ऊब तशीच कोंडून राहते, आणि मांड्यांच्या हाडाजवळचं मांस आधी आंबतं. बाहेर गोठवणारी थंडी असली तरी आंबतं. म्हणून पोट न फोडता एका कुशीवरून काम सुरू करायची एक पद्धत आहे. पाठीच्या कण्यावरून कातडं चिरून खाली ओढायचं, पुढचा पाय सोडवायचा, तो सांध्यात अडकलेला नसतो, सुरीच्या दोन-तीन फटक्यांत मोकळा होतो. मग मागचा पाय, त्याच्या खुब्याचा गोळा नीट शोधावा लागतो. मग पाठीचा पट्टा, मानेचं मांस. त्यानंतर जनावर उलटवायचं आणि तेच दुसऱ्या कुशीला. प्रत्येक तुकडा जाळीदार कापडी पिशवीत घालून सावलीत, वारा लागेल असा फांदीला टांगायचा. आप्पा हे काम करताना बोलत नसत आणि कुणाला बोलू देत नसत. अस्तन्या कोपरापर्यंत वर, सुरी लहान, आणि दर थोड्या वेळाने ती शहाबादी फरशीच्या तुकड्यावर घासायचे. तू ही गोष्ट तिथे पहिल्यांदा करू नकोस. तुमच्याकडे मांस कापून देणारी दुकानं असतात, शिकारीच्या मोसमात त्यांना हात कमी पडतात. एखाद्या शनिवारी जाऊन उभी राहा, करू देतील तेवढं कर. ते करताना तुझं मन मागे हटलं, तर अर्ज भरू नकोस. त्यात कमीपणा काही नाही.

आणखी दोन गोष्टी याच ओघात. जनावर नर की मादी, याची खूण मांसाच्या एका तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेली राहिली पाहिजे, असा तिथला नियम आहे. कापण्याच्या भरात ती कापून टाकू नका. आणि डोकं तपासायला द्या. हरणांच्या मेंदूला पोखरणारा एक असाध्य रोग, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, पहिल्यांदा नोंदला गेला तो १९६७मध्ये तुमच्याच कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला. माणसाला तो झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण रोगी निघालेल्या जनावराचं मांस खाऊ नये असाच सल्ला सगळे देतात. अहवाल येईपर्यंत मांस वाटू नकोस.

जखमी जनावराबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे. आप्पांना शिकारी म्हणून ओळखणाऱ्यांना त्यांचे बार आठवतात, मला त्यांचं माग काढणं आठवतं. बार झाला की ते जागचे हलत नसत. जनावर जिथे उभं होतं ती जागा एखाद्या झुडपाच्या खुणेने मनात धरायची, पळालं ती दिशा धरायची, आणि अर्धा तास बसून राहायचं. लगेच मागे धावलं तर फुप्फुसात गोळी बसलेलं जनावरही जिवाच्या आकांताने मैलभर जातं. धावलं नाही तर ते शंभर पावलांवर बसतं आणि तिथेच संपतं. अर्ध्या तासाने उठून त्या झुडपापाशी जायचं. तिथे ते गुडघ्यावर बसत. रक्त फिकं गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस. काळपट, दाट असेल तर काळीज. रक्तात हिरवट चोथा असेल, वास येत असेल, तर पोट. आणि मग सगळ्यांना परत बसायला सांगायचे, तास न् तास, कारण पोटात गोळी लागलेलं जनावर हुसकलं तर ते कधीच सापडत नाही. मग माग सुरू. गवताच्या पात्याची वरची बाजू कोरडी आणि खालच्या बाजूला थेंब, म्हणजे जनावर घासून गेलंय. वाटेच्या दोन्ही अंगांच्या झुडपांना रक्त, म्हणजे गोळी आरपार गेली आहे. ते किती उंचीवर लागलंय, त्यावरून जखम कुठे आहे ते कळतं. शेवटचा थेंब दिसला तिथे रुमालाची चिंधी बांधायची, आणि पुढचा थेंब सापडल्याशिवाय चिंधी सोडायची नाही. मी चिंध्या बांधणारा होतो. एकदा संध्याकाळी एका सांबराचा माग नाल्यात हरवला. आप्पा रात्रभर नाल्याच्या काठावर बसले आणि उजाडल्याबरोबर पुन्हा शेवटच्या चिंधीपासून निघाले. ऊन चढल्यावर ते जनावर सापडलं. मांस खराब झालं होतं. त्या मोसमात त्यांनी दुसरा बार टाकला नाही. परवान्यातलं एक जनावर खर्च झालं, असं म्हणाले.

तुलाही हेच करावं लागेल. बार चुकला असं वाटलं तरी जाऊन पाहायचं. एल्क फार चिवट असतं, नीट लागलेली गोळी घेऊनही काही झालंच नाही असं चालत राहतं, आणि नवखा माणूस 'चुकला' म्हणून दुसऱ्या जनावराकडे वळतो. संध्याकाळचा शेवटचा बार हा सगळ्यात वाईट, कारण माग अंधारात काढावा लागतो. तुमच्याकडे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत बार टाकायला मुभा आहे. तू ती पुरी वापरू नकोस.

बार कधी टाकायचा नाही, याची यादी तुझ्या मनात बार कधी टाकायचा याच्यापेक्षा मोठी हवी. जनावर आडवं उभं असेल, किंवा किंचित पाठमोरं वळलेलं, पुढच्या पायामागची जागा स्पष्ट दिसत असेल, तुझा आधार पक्का असेल आणि मागे मातीचा उतार असेल, तरच. समोरून नाही, पळत्यावर नाही, कळपात एकामागे एक उभी असतील तेव्हा नाही, डोंगराच्या धारेवर आभाळात उभ्या असलेल्या जनावरावर तर कधीच नाही, कारण गोळी पलीकडे कुठे जाईल ते तुला दिसत नाही. तू लहान असताना तुला दशरथ-श्रावणाची गोष्ट मीच सांगितली आहे. शब्दवेधी बाणाचा एवढा मोठा धनुर्धर, अंधारात घडा बुडबुडला त्याला हत्ती समजला आणि बाण सोडला. आपल्याकडे ती पुत्रशोकाची गोष्ट म्हणून सांगतात. शिकाऱ्याच्या घरात ती लक्ष्य न पाहता बाण सोडल्याची गोष्ट म्हणून सांगतात. आजही तेच घडतं. तुमच्या राज्यात दर मोसमात एल्क समजून मूज मारले जातात, आणि तिथलं वन्यजीव खातं त्याबद्दल शिकाऱ्यांना सतत बजावत असतं. एल्कच्या ढुंगणावर फिकट पिवळसर चकती असते, मूज सगळा काळपट. जी गोष्ट दुर्बिणीतून नीट पाहिलं की कळते, तीच घाईत चुकते. पाहायचं ते दुर्बिणीने. रायफलवरच्या दुर्बिणीतून रान न्याहाळू नकोस, कारण त्याच वेळी तुझी नळी कुणाच्या तरी अंगावर रोखलेली असते.

वाऱ्याचंही थोडं सांगतो. डोंगरात रात्रभर गार झालेली हवा पहाटे उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढू लागते, आणि सावल्या पडल्या की पुन्हा खाली. म्हणून सकाळी जनावराच्या वर राहून चालत नाही आणि दुपारी खाली राहून चालत नाही. आप्पांच्या खिशात कापडाच्या पुरचुंडीत चुलीची राख असे, चिमूटभर सोडून बघत. तुमच्याकडे त्यासाठी पावडरची पिचकारी विकत मिळते. काम तेच.

आता कागदपत्रं. इथे मी सगळ्यात जास्त काळजीत आहे, कारण तू एच-१बी व्हिसावर आहेस. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मुळातच बंदी आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यातला तुझ्या उपयोगाचा एकच: जवळ अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असला पाहिजे. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. मित्राची रायफल सरावाला हातात घेणंसुद्धा यात येऊ शकतं. एल्कच्या सोडतीचा निकाल मेअखेरीला किंवा जूनमध्ये लागणार, आणि सराव तर तुला आधीच सुरू करायचा आहे. म्हणून अशा व्हिसावरचे लोक आधी लहान शिकारीचा साधा वार्षिक परवाना काढून ठेवतात. तरीही सरावाला जाण्याआधी तुझ्या व्हिसाच्या वकिलाला लेखी विचार आणि उत्तर जपून ठेव. बाकीचं सोपं आहे. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारी प्रशिक्षणाचं कार्ड लागतं. तो वर्ग तू घरबसल्या संपवू नकोस, प्रत्यक्ष वर्गाला जा, शेजारी बसलेल्या अनुभवी माणसांशी बोलायला मिळतं. रायफलच्या मोसमात अंगावर पाचशे चौरस इंच झळझळीत नारिंगी किंवा गुलाबी कापड, शिवाय त्याच रंगाची टोपी. सलग सहा महिने राज्यात राहिलेल्याला रहिवाशाचा दर लागतो, तो शंभर डॉलरच्या आत. बाहेरच्याला सातशेच्या वर मोजावे लागतात.

अर्जात मादीचा परवाना माग. तुझे सोबती नराच्या गोष्टी सांगतील, शिंगांच्या फांद्या मोजतील. बहुतेक भागांत नराच्या एका शिंगाला चार टोकं तरी हवीत किंवा कपाळावरची फांदी पाच इंचांची हवी, असा नियम आहे. तो पाहण्याच्या धांदलीत नवख्याचा तोल जातो. मादीचं मांस अधिक कोवळं, परवाना मिळण्याची शक्यता अधिक, आणि कळपाची संख्या आवाक्यात ठेवायची तर तिथल्या खात्याला माद्यांचेच परवाने द्यावे लागतात. कपाळासकट शिंगं भिंतीवर लावण्यासाठी जनावर मारणं मला पटत नाही. आप्पांच्या काळात आपल्या वाड्यात दोन जोड्या होत्या, त्यांच्याकडे बघून कुणाची भूक भागली असं मला कधी दिसलं नाही. आणि पुण्याला आणण्याचा विचार असेल तर तो आत्ताच सोड, वन्य प्राण्याचं शिंग असो की कातडं, परवानगीवाचून ते इथे उतरवता येत नाही.

तुझ्या आईचा खरा आक्षेप वेगळा आहे. जे इथे पाप आणि गुन्हा आहे, ते तिथे जाऊन करायचं का, असं ती म्हणते. याचं उत्तर मी तिला देत आलो आहे, तुलाही देतो, कारण तुला ते कुणीतरी विचारणारच.

आप्पांकडे जो परवाना होता तो १९५१च्या मुंबई राज्याच्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्याखालचा. १९७२चा केंद्राचा कायदा आला तेव्हा त्यातही सुरुवातीला विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार अशा परवान्यांची तरतूद होती. १९९१च्या दुरुस्तीने ती गेली, आणि आज पहिल्या अनुसूचीतलं जनावर मारलं तर तीन ते सात वर्षांचा तुरुंग आहे. हे व्हायलाच हवं होतं. आपल्याकडे राखीव रान म्हणजे राजाची शिकारीची जागा. कोल्हापूरकरांचं दाजीपूर तसंच; कोल्हापूर दरबारी शिकारखाना होता, काळविटांवर सोडायला चित्ते पाळलेले होते. चित्ता तर देशातूनच गेला, १९५२मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. १९७२च्या गणनेत वाघ भरले १,८२७. हातात एवढंच उरल्यावर परवाने वाटण्याची चर्चाच होऊ शकत नव्हती. दाजीपूर १९५८मध्ये अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं, आणि आज तिथे गवे आहेत ते त्यामुळे.

कोलोरॅडोतही १९१०च्या सुमारास एल्क हजाराच्या आत उरले होते. अंदाधुंद मारले होते तिथल्याही लोकांनी. मग वायोमिंगहून जनावरं आणून सोडली, शिकार बंद ठेवली, आणि संख्या सावरल्यावर मोजून परवाने द्यायला सुरुवात केली. १९३७मध्ये केंद्राने कायदा केला, रायफली आणि काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. शिकाऱ्याच्या पैशांतून रान राखलं गेलं. आज त्या राज्यात पावणेतीन लाखांवर एल्क आहेत, जगात दुसरीकडे कुठे एवढे नाहीत. तिथे परवाना घेऊन एक मादी मारणं आणि ती खाणं, कोंबडीच्या दुकानातून पाव किलो आणण्यापेक्षा मला कमी प्रामाणिक वाटत नाही. पण हे गणित तिथल्या रानाचं आहे, तिथल्या मोजणीचं आणि तिथल्या खात्याचं. सुट्टीवर आलीस की इथल्या मित्रांमध्ये बसून 'आपल्याकडेही परवाने द्यायला हवेत' असं म्हणू नकोस. माळरानावर उरलेल्या चिंकाऱ्यांना आणि लांडग्यांना ते परवडणारं नाही.

रायफलबद्दल विचारलंस म्हणून लिहितो. थ्री-ओ-एट किंवा सेव्हन एमएम-झिरोएट, हाताने खटका ओढायची साधी बोल्टची. मोठ्या काडतुसाचा धक्का बसला की माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, आणि ती सवय सुटत नाही. गोळी तांब्याची घे. शिशाची गोळी अंगात फुटून तिचे कण मांसात पसरतात, आणि तू टाकून आलेल्या आतड्यांवर गरुड येतात. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या औषधाने आपली गिधाडं कशी गेली ते तू पाहिलं आहेस. अंतराची मर्यादा आधीच ठरव, पहिल्या वर्षी दोनशे यार्डांच्या पुढे नको.

जूनमध्ये येतेस तेव्हाचा कार्यक्रम मी ठरवून ठेवला आहे. बालेवाडीला एअर रायफल शिकवणारे वर्ग आहेत. दहा मीटरवर लहानशा चकतीवर छर्रा मारायला एल्कशी काय संबंध, असं वाटेल, पण श्वास सोडताना थांबणं आणि चाप बोटाच्या पेराने सरळ मागे घेणं तिथेच अंगी लागतं. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ला स्वप्नील कुसाळेला ब्राँझ मिळालं ते थ्री पोझिशन्समध्ये, गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून. तो राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, म्हणजे दाजीपूरच्याच मुलखातला. रानात तुला पालथं झोपायला गवत देणार नाही आणि उभ्याने हात स्थिर राहणार नाही, तेव्हा गुडघ्यावरचा आणि बसून, कोपर मांडीला टेकवून नेम धरण्याचा सराव जास्त कर.

आणि सिंहगड. हिमालयात जाणारी पुण्याची मुलं वर्षानुवर्षं पाठीवर वजन घेऊन आतकरवाडीकडून चढतात. तूही सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून, दहा किलोपासून सुरू करून वीसपर्यंत जा. चढण्याला महत्त्व नाही, वर जाऊन पिठलं-भाकरी सगळेच खातात. वजन घेऊन पावसात उतरताना गुडघे काय म्हणतात ते बघायचं आहे.

सोडतीत नंबर लागला नाही तर पुढच्या वर्षासाठी गुण जमा होतो, तेव्हा हिरमुसू नकोस. लागला आणि गेलीस, तरी दर पाचांतले चार जण एल्क न मारता परततात, हेही ध्यानात ठेव. सोबत्यांपैकी निदान एकाने तरी याआधी एल्क कापून डोंगरावरून वाहून आणलेला असावा; तसा कुणी नसेल तर यंदा त्यांच्याबरोबर नुसती ओझी वाहायला जा, परवाना पुढच्या वर्षी काढ.

कुठल्या भागासाठी अर्ज करतेस त्याचा क्रमांक मला कळव, नकाशा इथे मोठा छापून घेतो आणि आपण फोनवर पाणी, उतार, वाटा बघू. आईशी मी बोलेन. कायद्याचं आणि पापपुण्याचं तिला मी सांगेन, पण मांस कोणकोणत्या घरी जाणार आहे ते तिला तूच सांग, घरांची नावं घेऊन सांग. आप्पांनाही ती तेवढंच विचारायची.

तुझा,
मामा